काझी सरांचा खडखडाट

वर्गात गोंगाट असला की काझी सरांना झोप लागायची आणि वर्ग गप्प झाला की ते दचकून उठायचे. भूगोलाच्या तासाला पोरं बेंच वाजवत आणि सर खुर्चीत मान टाकत. एकदा प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. वर्ग चिडीचूप. सर ताडकन उठून म्हणाले, "लाईट गेली?"

भिवंडीबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, रात्रंदिवस चालतात. त्या खडखडाटातच आम्ही जेवतो, भांडतो, झोपतो. आवाज थांबला म्हणजे लाईट गेली, दुसरा अर्थ नाही. सरांचं घर नारपोलीत. खाली वडिलांच्या वेळचे चार लूम, वर एकटे सर.

मी सरांच्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. लॅबमध्ये माझे दोन कायदे होते: चपला बाहेर आणि पाच वाजता मेन स्विच बंद. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मशीनला साऊंड कार्ड बसलं आणि शबाना व वैशाली या माझ्या विद्यार्थिनींनी कॉलेजच्या प्रदर्शनासाठी गेम बनवला. स्क्रीनवर लूम चालतो, धागा तुटला की बटण दाबून जोडायचा. तीन धागे हुकले की लूम बंद, खेळ खलास. फक्त आवाज घालायचे राहिले होते. ही बातमी सरांपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते टेपरेकॉर्डर काखेत मारून हजर.

"मॅडम, आवाजाचं माझ्याकडं लागलं."

"सर, तुम्ही भूगोल शिकवता."

"मग? आवाज जागेचाच असतो ना?"

मी त्यांना आधी चपला बाहेर काढायला लावल्या.

सर अकलोलीला जाऊन गरम कुंडांचं खदखदणं भरून आले. "गेममध्ये पाणी कुठंय सर?" वैशालीने विचारलं. "लूमवाल्याला तहान लागत न्हाय?" कॉम्प्युटरवर ते पाणी भजी तळल्यासारखं वाजलं. मग वडप्याच्या हायवेवरून ट्रकचे हॉर्न आले. पहिलाच हॉर्न वाजला तसा आमचा शिपाई दारातून बाजूला उडाला. वैशालीने कष्टाने बसवलेली गोड धून सरांनी एकदा ऐकली. "ही काढ. साबणाची जाहिरात वाटते."

शेवटी त्यांनी खिशातून एक कॅसेट काढली. लूमचा आवाज सुरू झाला आणि लॅबची काचसुद्धा थरथरल्यासारखी वाटली.

"सर, ये तो एकदम असली है!" शबाना म्हणाली.

"असली म्हंजे? आमचेच हायेत चारी. तिसरा ऐक, जरा लंगडतो."

"आता बंद पडतानाचा आवाज द्या ना. खेळ संपल्यावर लागेल."

"न्हाय."

"पुढे असेल की टेपवर."

"पुढं काय न्हाय." सरांनी कॅसेट काढून खिशात घातली.

"मग खेळ संपला हे कळणार कसं?"

"नको कळू दे! कुणाचं अडलंय?"

दोघींशी ते दोन दिवस बोलले नाहीत. शबाना वाट बघत बसणारी नव्हती. मशीनमध्ये भरून घेतलेला लूमचा आवाज तिने खेळ संपतो तिथे सरळ कापून टाकला.

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून गावातले एक लूममालक आले होते. ते रंगात येऊन खेळले, तिसरा धागा हुकला आणि खडखडाट एकदम थांबला. हॉलमधल्या सगळ्यांनी माना वर करून ट्यूबलाईटकडे पाहिलं. ट्यूब चालू होत्या, स्क्रीनही चालू होता. तरी पाहुणे उठले. "लाईट गेली वाटतं. चला, पुढचं बघू." पहिलं बक्षीस प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ज्वालामुखीला गेलं.

शबाना रागाने वायरी गुंडाळत होती. सर तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"सांगितलं होतं ना, बंद करू नको."

"तुम्ही कारण कुठे सांगितलंत?"

सरांनी वायरीचं एक टोक हातात धरलं. "मागल्या महिन्यात भावानं लूम भंगारात दिले. मी न्हाय म्हणत होतो. आता घरी झोप लागत न्हाय. दचकून उठतो, बटण दाबून बघतो, तर लाईट असते."

सर महिनाभर वर्गात एवढे का झोपत होते, ते तेव्हा कळलं. आम्ही त्याच्यावर स्टाफरूममध्ये भरपूर हसलो होतो.

सोमवारी शबाना मला न विचारता मशीनवर बसली.

"मॅडम, गेमच्या या कॉपीत धागा तुटतच नाही."

"मग तो गेम कसला?"

"सरांचा आहे."

साडेचारला सर टेपरेकॉर्डर न्यायला आले. शबानाने गेम लावून दिला. सर चपलांसकट आत आले, खुर्चीवर टेकले, तिसरा लूम लंगडतोय याची खात्री करून घेतली आणि थोड्याच वेळात त्यांची मान छातीवर आली.

पाच वाजता शिपाई मेन स्विचपाशी गेला.

"आधी व्हरांडा झाडून घे," मी म्हणाले.

"झाडला की मॅडम."

"मग परत झाड."