दौलत पाटोळेंचा सिनेमा

सकाळी साडेसातला शालन पाटोळे प्रफुल्ल उजागरे सरांच्या दारात येऊन उभी राहिली, ती काही केल्या आत यायला तयार होईना. तिचा नवरा दौलत आदल्या संध्याकाळी गेला होता. दफन दुपारी बाराला होतं आणि पाळकसाहेब नेमके भाचीच्या लग्नाला नगरला गेले होते. डोंबिवलीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत अशा वेळी उपदेश करायचा तो उजागरे सरांनीच. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. बोलायला उभा राहिला की घड्याळाची पर्वा नाही.

“करीन की,” सर म्हणाले. “दौलत आपलाच माणूस.”

“त्यांच्या सिनेमावर बोला.”

“अगं, दफनविधीत?”

“तुम्हीच खाली बसवलेलं त्यांना, सर. सगळ्यांसमोर.”

ते खरं होतं. दौलत शहाडच्या एका टॉकीजमध्ये डोअरकीपर. दोन वर्षांपूर्वी तिथे ‘कातळवीर’ अकरा आठवडे चालला. एका रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायच्या, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगायच्या वेळी दौलत उभा राहिला आणि म्हणाला, “मंडळी, त्या पिक्चरमध्ये आपला येशू आहे. हीरोचे बारा दोस्त, त्यातला एक फितूर. हीरो सगळ्यांचा गुन्हा स्वतःवर घेतो आणि...”

“दौलत, खाली बस,” सर म्हणाले होते. “हे देवाचं घर आहे, टॉकीज नाही.”

लोक हसले. दौलत बसला, आणि त्यानंतर चर्चला आलाच नाही. त्याला बोलावून आणायचं सर दर रविवारी ठरवत आणि दर सोमवारी विसरत. आता तो येणार होता, पण पेटीतून.

सरांनी मुलीला हाक मारली. ऋजुताने आपल्या जुन्या फोनवर सिनेमा लावून दिला. “बाबा, थांबवायचं असेल तर इथे बोट लावा. बाकी कशाला हात लावू नका,” एवढं बजावून ती ठाण्याला ऑफिसला गेली.

दोन वाक्यं सापडली की पुरे, अशा बेताने सर बसले, पण हलायचं विसरले. दगडखाणीचा कामगार, बारा सोबती, फितूर झालेला मित्र. मालक बंदूक रोखून विचारतो, “खाणीचं फाटक कोणी तोडलं?” तोडलेलं असतं सगळ्यांनी मिळून, हीरो एकटा पुढे येऊन म्हणतो, “मी.” मग त्याला क्रेनला बांधतात, दोन्ही हात पसरून. दोर तुटतो, तो खाणीच्या तळाशी कोसळतो, आणि पडदा काळा होतो.

सरांनी चष्मा पुसला. शेवटचा सिनेमा बघून त्यांना तीस वर्षं झाली होती, पण नायक मेल्यावर सिनेमात उरतं काय, एवढं त्यांनाही कळत होतं. फोनचं चार्जिंग संपलंय, हे मात्र त्यांना कळलं नाही. ते कागद घेऊन लिहायला बसले.

बारा वाजता चर्चमध्ये पेटीभोवती मंडळी जमली. मागच्या बाकांवर टॉकीजचे लोक अंग चोरून बसले होते. सर कागद घेऊन उभे राहिले.

“दौलत खरं बोलला होता. मी त्याला खाली बसवलं. चूक माझी होती.”

शालनने मान वर केली. सरांना धीर आला. त्यांनी बारा सोबती सांगितले, फितूर सांगितला, पसरलेले हात सांगितले. बायका डोळे टिपू लागल्या. सर रंगात आले.

“आणि तो मेला! आपल्या माणसांसाठी मेला! खाणीच्या तळाशी, कायमचा!”

“नाय ओ सर, मरत नाय तो!” मागून आवाज आला. टॉकीजमध्ये दौलतबरोबर दाराशी उभा राहणारा गणू होता. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर तो कसाबसा उभा राहिला. “ते इंटरवल हाय.”

कोणीतरी हसू दाबायला खोकलं. शालनने पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते, पण ती रडतेय की हसतेय, ते कळायला मार्ग नव्हता.

“म्हणजे... पुढे आहे?” सरांनी विचारलं.

“हाय ना. तो उठतो. खाणीतनं वर येतो.”

“आमेन!” पहिल्या बाकावरच्या ठमाबाई ओरडल्या. त्यांना ऐकू कमी यायचं, पण ‘उठतो’ तेवढं नेमकं आलं होतं.

सरांचा चेहरा उजळला. असा उपदेश त्यांच्या हाताला आयुष्यात लागला नव्हता. “ऐकलंत, मंडळी? तो उठतो! आणि उठल्यावर आपल्या वैऱ्यांना...” त्यांनी गणूकडे हात केला.

गणू प्रामाणिक माणूस. त्यात देवाचं घर. “एकेकाला धरून खडीच्या क्रशरमध्ये घालतो,” तो म्हणाला. “सतरा जणांना.”

“आमेन!” ठमाबाई म्हणाल्या.

सरांनी कागदाची घडी केली आणि गीत सुरू करायला सांगितलं.

दफन झालं. माणसं पांगल्यावर ते फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या शालनकडे गेले.

“शालन, माफ कर. मी अर्धाच बघितला.”

“त्यांनी पण अर्धाच बघितलेला, सर.”

“दौलतने? अकरा आठवडे?”

“इंटरवलनंतर त्यांची ड्युटी पार्किंगला असायची. सिनेमा सुटला की माणसं बोलत गाड्या काढायची, काय उठला यार, काय उठला! तेवढंच ऐकलेलं त्यांनी. घरी येऊन मला सांगायचे, शालन, तो उठतो म्हणे. मी म्हणायची, एकदा रजा टाका नि आत जाऊन बघा. तर म्हणायचे, कशाला बघायचं? एवढी माणसं खोटं बोलतील?”

रिक्षा आली. शालनने आत पाय ठेवला, पुन्हा खाली घेतला.

“सर, आपलं शास्त्र तरी तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय ना? तो उठल्यावर पुढे असलं क्रशरबिशर काही नाही ना?”

सरांना बायबलची शेवटची पानं आठवली: घोडे, तलवारी, आगीचं तळं आणि त्यात टाकले जाणारे लोक. तिथे सतरावर भागत नव्हतं. त्यांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “असलं काही नाही.”

“मग बरं,” शालन म्हणाली आणि रिक्षात बसली.