व्याहीणबाईंच्या फारसीची दुरुस्ती

लेकीने फारसी बोलणारा मुलगा पसंत केला, तर बापाने काय करावं? खूश व्हावं, नाहीतर दोन दिवस रुसून बसावं. इतर बाप एवढ्यावर थांबतात. दुरुस्तीसाहेबांनी फारसी व्याकरणाचं पुस्तक आणलं.

दुरुस्तीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीत कुणाचाही मसुदा लाल पेन लागल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे, म्हणून मिळालेली ही पदवी. (ते तिला मानाची समजत.) मुलाची आई मुलगी बघायला यायची होती. बाईंना फारसीखेरीज काही येत नव्हतं आणि सगळं त्यांच्या होकारावर अडलं होतं. तेव्हा एकुलत्या एका लेकीचं कल्याण आता आपल्या वाक्यरचनेवर आहे, असं साहेबांनी ठरवून टाकलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

व्याकरण भराभर डोक्यात शिरलं. आधी कर्ता, मग कर्म, कर्माच्या मागे 'रा' हा प्रत्यय, आणि क्रियापद शेवटी. "अगं, हे तर आपल्यासारखंच!" ते बायकोला म्हणाले. "आणि गंमत म्हणजे कर्ता गाळला तरी चालतो."

"या घरात केव्हापासून चालतंय," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. "पण बोलून बघितलंत का कुणाशी?"

"नियम पक्के असले की बोलणं आपोआप येतं." (उच्चारांचा धडा त्यांनी सोडून दिला होता. मसुद्याला कुठे उच्चार असतात?)

बाई मुलाला घेऊन आल्या. बायकोने दारातच त्यांचे हात हातात घेतले, पाठीशी उशी दिली, आणि पाहता पाहता दोघी खाणाखुणांनी गुडघेदुखीपर्यंत पोचल्या. अडाणी कारभार सगळा! ना कर्ता, ना कर्म. साहेब संधीची वाट बघत बसले.

मग बाई मुलीकडे बघून मायेने काहीतरी सांगू लागल्या. हिला मी घरी नेईन, असा एकूण सूर होता. साहेबांनी कान टवकारले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. क्रियापद आधी आणि घर मागाहून! कचेरीतला हात आपसूक वर गेला. बाईंना मध्येच थांबवून त्यांनी तेच वाक्य नियमाप्रमाणे म्हणून दाखवलं. कर्त्यासकट, 'रा'सकट, क्रियापद शेवटी. मग सावकाश, मोठ्या आवाजात पुन्हा एकदा.

होणारे जावई छताकडे बघू लागले.

"बाबा, अहो त्यांची मातृभाषा आहे ती!" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

"असू दे ना. नियम तो नियम."

पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं आणि साहेबांना कळून चुकलं. पोरीचं जमत आलेलं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं. दुनियाभरची वाक्यं सुधारणाऱ्या या गृहस्थाला आता साधं 'चुकलो' कुठल्याच भाषेत म्हणता येईना.

बाई मुलाशी बराच वेळ बोलल्या, आणि त्याने ते लेकीला समजावून सांगितलं. मग हसून त्यांनी मुलीला जवळ ओढलं.

"काय... काय म्हणाल्या?" साहेबांनी घसा खाकरून विचारलं.

"हो म्हणाल्या, बाबा," लेक डोळे पुसत म्हणाली. "आणि म्हणाल्या, तुमची मराठी कानाला फार गोड लागते. मधला एक शब्द तर त्यांना चक्क फारसीसारखा वाटला."