अध्यक्षांना सगळ्यांचा अंगठा

चष्मेवाल्यांनी दाराला टेकवलेली खुर्ची उचलली आणि त्यांच्या पाठीमागे गच्चीचं दार धाडकन लागलं. खुर्ची हातांची होती, संध्याकाळी गच्चीवर भरणाऱ्या सभेत अध्यक्षांनी बसायची. बाकीच्या खुर्च्या दुपारभर खपून त्यांनी रांगेत मांडल्या होत्या, ही एकच राहिली होती. खुर्चीपायी अडकलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण चष्मेवाल्यांइतकं शब्दशः कोणी अडकलं नसेल.

दाराला गच्चीच्या बाजूने ना मूठ ना कडी. ओढलं की आपोआप लागणारं आणि जिन्याच्या बाजूनेच किल्लीने उघडणारं ते कुलूप चष्मेवाल्यांनीच बसवून घेतलं होतं. पोरं गच्चीवर चेंडू खेळतात आणि टाकीचं झाकण उघडं टाकतात, असं कारण होतं. किल्ली एकच, तीही त्यांच्याकडे. आत्ता ती खिशात होती आणि तिचा तिथे काडीचाही उपयोग नव्हता.

चष्म्याचं दुकान असल्यामुळे सगळी इमारत त्यांना चष्मेवाले म्हणायची. माणूस लाख मोलाचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चष्म्याचे स्क्रू फुकट आवळून द्यायचे, म्हाताऱ्यांना घरी जाऊन काचा पुसून द्यायचे. तीन वर्षांपूर्वी ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोधात एकही हात वर झाला नव्हता. त्यांनी बंद पडलेली लिफ्ट चालू केली, टाकी घासून घेतली आणि लोक त्यांच्या नावाने दुवा देऊ लागले. मग त्यांनी नियम करायला घेतले. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. वॉचमनने कामावर असताना फोन टेबलाच्या खणात ठेवायचा. गच्चीच्या दाराला अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही. प्रत्येक नियम इमारतीच्या ग्रुपवर पडायचा आणि त्याखाली पटापट अंगठे उमटायचे. चष्मेवाले झोपण्यापूर्वी ते अंगठे मोजायचे.

विरोध केला तो एकट्या सिस्टरनी. दुसऱ्या मजल्यावरच्या या बाई इस्पितळात नर्स होत्या. आज संध्याकाळच्या सभेत ‘यापुढे निवडणूक न घेता हेच अध्यक्ष कायम ठेवावेत’ असा ठराव येणार, हे कळल्यावर त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं, ‘लोकांनी निवडून दिलेला माणूससुद्धा हुकूमशहा होऊ शकतो.’

चष्मेवाल्यांच्या ते फार जिव्हारी लागलं. “एवढ्या लोकांनी मला डोक्यावर घेतलंय आणि मी हुकूमशहा?” ते बायकोला म्हणाले. “हुकूमशहा कुणाला आवडतो का?” आणि एवढं बोलून त्यांनी सिस्टरना ग्रुपमधून काढून टाकलं. मग भाच्याकडून अशी कळ दाबून घेतली की ग्रुपवर फक्त अध्यक्षांनीच लिहावं. बाकीच्यांना अंगठा तेवढा देता येईल. ती कळ पुन्हा उलटी कशी फिरवायची, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आता त्यांनी फोन काढला आणि लिहिलं, ‘गच्चीचं दार लागलं. मी वर अडकलोय. कोणीतरी या.’

क्षणात अंगठा आला. मग दुसरा. मग लागोपाठ पाच-सहा. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते जिन्यावर पावलं वाजायची वाट बघत खुर्चीवर बसले. अंगठे वाढत गेले, पावलं काही वाजेनात.

त्यांनी लिहिलं, ‘मस्करी नाही. ऊन फार आहे.’ त्यालाही अंगठे आले. कोणीतरी लाल बदाम टाकला. त्या बदामाखाली एक नवा अंगठा उमटला, तो त्यांच्या बायकोचा होता. ती बहिणीकडे गेली होती. त्यांनी ताबडतोब तिला फोन लावला.

“काय हो?”

“मेसेज बघितलास का माझा?”

“बघितला की. छान आहे. इथे गडबड आहे हो जरा, ठेवते.”

तिने ठेवला आणि पुन्हा काही उचलला नाही. वॉचमनला लावला, तर तो तळमजल्यावर टेबलाच्या खणात वाजून वाजून बंद पडला. चष्मेवाल्यांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर इमारतीतच राहणारा त्यांचा जुना दोस्त टेलर आपल्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसला होता. त्यांनी टेलरला फोन लावला. टेलरने खिशातून फोन काढला, नाव बघितलं, तोंड वाकडं केलं आणि फोन परत खिशात घातला. हे सगळं चष्मेवाल्यांना वरून स्वच्छ दिसलं. त्यांची नजर चांगलीच होती, धंदाच तो होता. पण आज ती अधू असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मग ते ओरडले. “अहो! अहो, कोणी आहे का?”

त्यासरशी चौथ्या मजल्यावरच्या कठड्यावरची चादर सर्रकन आत ओढली गेली. खालोखाल तिसऱ्या मजल्यावरचे दोन सदरे गेले. ते आणखी मोठ्याने ओरडले, तेव्हा पहिल्या मजल्यावरचा टॉवेल गेला आणि खिडक्याही लागल्या. बघता बघता सगळी इमारत कशी नियमाप्रमाणे दिसू लागली. कठड्यावर एक चिंधी उरली नव्हती, आणि बाहेर डोकावून बघणारं एक तोंडही नव्हतं.

चष्मेवाले कठड्यापासून मागे झाले. आवाज ऐकून माणसं धावत येतील अशी त्यांची समजूत होती. माणसं धावली होती, पण आत. त्यांना लाज वाटली. अडकल्याची नव्हे, त्या टॉवेलाची. कोणीतरी आपल्याला एवढं घाबरत होतं आणि आपण ते प्रेम म्हणून मोजत होतो.

आता एकच नंबर उरला होता. त्यावर बोट ठेवायला त्यांना फार जड गेलं. पण ऊन त्याहून भारी होतं.

“हॅलो,” सिस्टर म्हणाल्या. आवाज झोपेतला होता.

“सिस्टर, मी बोलतोय. गच्चीवर अडकलोय.”

“अगंबाई, कधीपासून? ग्रुपवर टाकायचं नाही का?”

“टाकलं,” चष्मेवाले खालच्या आवाजात म्हणाले. “तुम्ही ग्रुपवर नाही आहात.”

“हो, ते विसरलेच मी,” सिस्टर म्हणाल्या. त्या खरंच विसरल्या होत्या, आणि त्यामुळे चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “किल्ली खाली टाका. मी अंगणात येते, झेलते.”

रात्रपाळी करून झोपलेली ती बाई तशीच चपला सरकवून खाली आली आणि ओढणी पसरून उभी राहिली. चष्मेवाल्यांनी नेम धरून किल्ली टाकली. ती दुसऱ्या मजल्यावरच्या छज्ज्यावर टणकन आपटली आणि तिथेच बसली.

थोड्या वेळाने दाराच्या पलीकडे पावलं वाजली. सिस्टर वॉचमनला घेऊन आल्या होत्या, आणि वॉचमनच्या हातात पहार होती.

“घाल रे पहार,” चष्मेवाले आतुरतेने म्हणाले.

“लेखी परवानगी लागते, साहेब.”

“अरे, मी अध्यक्ष बोलतोय!”

“म्हणून तर भीती वाटते. मागच्या महिन्यात पोरांचा चेंडू काढायला बाईसाहेबांकडून किल्ली आणून दार उघडलं, तर पगार कापलात तुम्ही. तुम्हीच सांगितलं होतं, मी स्वतः तोंडी सांगितलं तरी ऐकायचं नाही.”

चष्मेवाल्यांनी खिसे चाचपले. कागद एकच होता, संध्याकाळच्या सभेचा ठराव. त्याच्या पाठीवर त्यांनी परवानगी लिहिली, सही केली आणि कागद दाराखालून सरकवला. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. सिस्टर कागदाची दुसरी बाजू वाचत असणार, हे त्यांनी ओळखलं. त्या काही तरी टोचून बोलतील म्हणून ते मान खाली घालून थांबले.

“सही बरोबर आहे,” सिस्टर वॉचमनला म्हणाल्या. “घाल पहार.”

दार निखळलं. सिस्टरनी आधी पाण्याची बाटली पुढे केली. मग नाडी बघितली. चष्मेवाल्यांना वाटलं, त्यापेक्षा ही बाई चार शब्द सुनावती तर सोपं गेलं असतं. त्यांनी बाटली रिकामी केली. मग त्यांनी फोन पुढे केला. “ती कळ तेवढी उलटी फिरवून द्या. आणि तुमचं नाव परत घालून घ्या.”

संध्याकाळी सभा भरली. चष्मेवाले हातांच्या खुर्चीवर बसले नाहीत, तिच्या बाजूला उभे राहिले.

“माझा दुपारचा मेसेज सगळ्यांना मिळाला का?”

“मिळाला ना, अंगठा दिला की,” टेलर म्हणाला.

“काय लिहिलं होतं मी?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. “नेहमीप्रमाणे छानच होतं,” टेलर चाचरत म्हणाला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी हळूच खुलासा केला, “आम्ही लगेच टॉवेल आत घेतला हो.”

चष्मेवाल्यांचे कान तापले. “मी राजीनामा—” त्यांनी सुरुवात केली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सगळे हात वर झाले. बायकोचासुद्धा. आता हे हात मनापासून वर झाले की सवयीने, हे काही त्यांना कळेना. म्हणून त्यांनी विचारलं, “सवयीने हात वर केलेत का?” तेव्हाही सगळे हात वर झाले.

एक हात तेवढा खालीच होता. “राजीनामा कशाला?” सिस्टर म्हणाल्या. “निवडणूक घ्या. तुम्ही उभे राहा, मीही राहते. चिठ्ठ्या टाकू, कोणी कोणाला मत दिलं ते कोणाला कळायला नको.”

चिठ्ठ्या टेलरच्या कापडी पिशवीत पडल्या. मोजायचं कामही त्यालाच दिलं. त्याने एकेक चिठ्ठी उघडून वाचली आणि चष्मेवाले, चष्मेवाले, चष्मेवाले असं म्हणत राहिला. सिस्टरना एक मत पडलं. ते कोणाचं, हे चष्मेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच दिलं होतं.

“अरे, पण का?” सभा संपल्यावर त्यांनी टेलरला गाठलं. “माझा फोनसुद्धा उचलत नाहीस तू!”

“फोन उचलायचा वेगळा आणि मत द्यायचं वेगळं,” टेलर म्हणाला. “लिफ्ट चालते ना? मग ही कटकट दुसरं कोण घेणार?” आणि तो खुर्च्या तशाच टाकून खाली गेला.

खुर्च्या आवरायला सिस्टर थांबल्या होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना विचारलं, “तुम्हीसुद्धा मलाच दिलंत?”

“द्यायलाच हवं होतं. टाकी तुम्ही घासून घेता, मला कुठे जमणार?” त्या खुर्च्या एकात एक घालत होत्या. “दुकानात गिऱ्हाइकाला तुम्ही दहादा विचारता, ही काच बरी की ही? माझ्या आईला तर वीसदा विचारलं होतंत. तसं वर येऊन एकदा तरी विचारत जा. एवढंच माझं म्हणणं होतं.”

चष्मेवाले उरलेल्या खुर्च्या उचलू लागले. निवडणूक हरले असते तर निदान मोकळं वाटलं असतं. आता तेच लोक, त्याच खुर्च्या, आणि उद्या पुन्हा कठड्यावरचे कपडे आत जाणार.

घरी येऊन ते फोन घेऊन बसले. बराच वेळ विचार करून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘मी पुन्हा अडकलोय.’

लगेच अंगठे उमटू लागले. शेजारी बसलेल्या बायकोनेही टीव्हीवरची नजर न काढता एक दिला. आता कोणालाही लिहिता येत होतं, पण अंगठ्याखाली अंगठा येत राहिला. चष्मेवाले फोन ठेवणार, तेवढ्यात खाली एक ओळ आली. सिस्टरनी लिहिलं होतं, ‘पहार आणू का?’