लग्नाच्या तारखेचा नंबर

श्वेताच्या फ्लॅटच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करायची, म्हणून मनोहररावांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कोराडीच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं नोकरी करून आपण कुणाचा एक रुपया बुडवला नाही, हे ते ऑटोवाल्यालाही सांगत. लेक भाड्याच्या दोन खोल्यांतून सुटणार, याचा त्यांना मनापासून आनंद होता.

बँकेतल्या मेघा मॅडमनी संगणकात पाहिलं आणि मान हलवली. जामीनदाराचा सिबिल स्कोअर पडला होता. चार वर्षांपूर्वीचं मोबाईलचं बिल, अठराशे चाळीस रुपये, भरलेलंच नव्हतं. असा जामीन चालणार नाही, म्हणाल्या.

मनोहरराव पुढे वाकून संगणकाकडे पाहू लागले. शेजारी बसलेल्या धर्मेंद्रने, म्हणजे त्यांच्या जावयाने, घसा साफ केला.

"मामाजी, बिलं टायमावर भरत जा ना. एवढ्याशा पायी आमचं घर अडकून राहिलं."

मग तो शिस्तीवर बराच वेळ बोलला. मनोहररावांनी चाचरत त्या मोबाईलचा नंबर विचारला. मॅडमनी वाचून दाखवला. शेवटचे आकडे ऐकले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाच वर्षांपूर्वी लग्नात त्यांनीच आपल्या नावावर हा नंबर जावयाला हौसेने घेऊन दिला होता. बिल जावई भरणार होता. वर्षभराने त्याने स्वस्तातला दुसरा नंबर घेतला, हा टाकून दिला आणि बिलाचे निरोप त्या बंद नंबरावरच जात राहिले. शेवटचं बिल भरलं का, हे जावयाला विचारायचं कसं? चहात साखर किती, याच्या पलीकडे त्यांनी जावयाला कधी काही विचारलं नव्हतं. आताही जीभ रेटेना.

"राह्यलं असंल माह्याच्यानं," ते खाली मान घालून म्हणाले.

कागद लावत बसलेल्या श्वेताने मान वर केली.

"चौदा शून्य पाच? बाबा, हा त तुम्ही लग्नात यायले देल्ला नंबर होय." मग ती नवऱ्याकडे वळली. "तारीख ध्यानात राहावी म्हणून."

धर्मेंद्र त्या आकड्यांकडे पाहत राहिला.

"पण आपलं लग्न त पंधराले झालं ना वं?"

मेघा मॅडम एकदम फायली चाळू लागल्या. श्वेताने हातातले कागद टेबलावर आपटले. धर्मेंद्रने तिथल्या तिथे फोन काढून बिल भरलं. नोंद सुधारायला महिना-दीड महिना लागेल, मग कर्जाचं पुन्हा बघू, असं मॅडमनी सांगितलं. मनोहररावांचा जीव भांड्यात पडला.

तिघं पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर मनोहरराव थांबले, शर्ट नीट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाला हिशेब विचारला.

"जावईबापू, पावती घेतली ना?"