व्हरांड्यातली रोवणी

"स्वयंसेवक कसा घडवावा, हे आमच्या शाळेत येऊन पाहा!" अड्याळ केंद्राच्या शिक्षक-बैठकीत हेमराज गुरुजींनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं. "आमच्या सत्यभामाबाई मागे पडलेल्या सहा पोरांना वाचायला शिकवतात. पण त्यांच्या पाठीशी कोण? मी! रोज मार्गदर्शन, रोज आढावा!"

बाकीचे गुरुजी मान खाली घालून चहा पिऊ लागले. केंद्रप्रमुख लांजेवार साहेब मात्र भलतेच खूश झाले. "वा! मंग परवा येतोच मी. पोट्टे वाचले तं बाईचा वर्ग साऱ्या केंद्राले दाखवू. नाई वाचले तं बंद करू. लेकराइचा टाइम कायले घालवाचा?"

गुरुजींना ठसकाच लागला! कारण खरी हकीकत अशी, की दिवाळीनंतर सत्यभामाबाई आपण होऊन शाळेत आल्या, तेव्हा गुरुजींनी त्यांना तिसरीतली सहा पोरं, खडूचा डबा आणि मागचा व्हरांडा दिला होता. "पाहा तुमी, बाई," एवढंच काय ते मार्गदर्शन! त्यानंतर तीन महिने त्यांनी व्हरांड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आपला वर्ग सहा पोरांनी हलका झाला, यातच ते सुखी होते.

बैठकीहून ते तडक व्हरांड्यात गेले आणि जागीच थिजले. सहाही पोरं कमरेत वाकून एका रांगेत उभी! प्रत्येकाच्या डाव्या हातात चिठ्ठ्या. एक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, जमिनीवर ठेवायची आणि एक पाऊल मागं सरकायचं! बाई पदर खोचून बाजूनं ओरडत होत्या, "गुड्डी अडकली! बाजूवाल्याइनं हात लावा!"

"बाई, हे काय करून राहिले तुमी?"

"रोवणा, गुरुजी!" बाई म्हणाल्या. "तुमी तं काही सांगतलंच नाई. मले धान रोवणाऱ्या बायाइची टोळी चालवता येते. एकीले सोडून रांग मागं सरकत नाई, बस! तसंच केलं."

"साहेब परवा येऊन राहिले! हे असं वाकून वाचलेलं पाहिलं तं माही नोकरी जाईन!" गुरुजींनी कपाट उघडलं, विटेएवढी जाड शिक्षक-पुस्तिका काढली आणि बाईंच्या हातात कोंबली. "यात लिवलं हाय तसंच! शब्दन् शब्द! अन् पोट्टे बसलेले पाहिजेत!"

तीन महिन्यांचं मार्गदर्शन गुरुजींनी पाच मिनिटांत उरकलं.

ठरल्या दिवशी साहेब आले. पोरं चटईवर मांडी घालून बसली. टोळीतल्या पंचवीस बायकांना एका हाकेत गप्प करणाऱ्या बाईंनी ती पुस्तिका दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि खणखणीत वाचलं, "विद्यार्थ्यांचे स्वागत करावे!"

पोरांनी साथ दिली, "विद्यार्थ्यांचे स्वागत करावे!"

"येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे!"

"येथे शिक्षकाने क्षणभर थांबावे!"

"शिक्षकाने स्मितहास्य करावे!"

पोरं पुन्हा ओरडली, आणि घाबरलेल्या हेमराज गुरुजींनी खरोखरच स्मितहास्य केलं! साहेबांनी केलं नाही.

साहेबांनी गुड्डीपुढे पुस्तक धरलं. "वाच, बेटा." गुड्डीनं पुस्तकाकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तोंडातून शब्द फुटेना. बाकीच्या पाचांचं तेच! साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "गुरुजी, वर्ग बंद करावा लागन."

बाईंनी पुस्तिका पदरानं पुसली आणि हळूच टेबलावर ठेवली. ते पाहून गुरुजींना स्वतःची मनापासून लाज वाटली. ही बाई शेतावरून थेट शाळेत येते, सहा पोरांसाठी जीव टाकते, आणि आपण पाच मिनिटांत तिचं वाटोळं केलं!

"साहेब, चूक माही हाय!" ते बोलून बसले. "मार्गदर्शन-बिर्गदर्शन काही केलं नाई मी. बाईच्या रीतीनं एकडाव पाहा!"

बाईंनी नुसती मान हलवली. पोरांच्या हातात चिठ्ठ्या आल्या आणि सहा कमरा वाकल्या!

"तलाव!" एक पाऊल मागं. "पाळ!" एक पाऊल मागं. "मासोळी! झिंगा! डोंगा!" साहेब रांगेच्या मागं उभे राहून वहीत भराभरा लिहू लागले. रांग एक पाऊल मागं आली की तेही एक पाऊल मागं!

"साहेब, पाहून!" गुरुजी ओरडले. तोवर व्हरांडा संपला होता. साहेब थेट परसबागेतल्या वांग्यांत जाऊन बसले!

त्यांची वही उडून गुड्डीच्या पायाशी पडली. वाकलेल्या गुड्डीनं सवयीनं तेही वाचलं. "कें... केंद्र... प्रमुख... भेट... वही!"

गुरुजींनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे पाठ केलेलं तं नाई न?" वांग्यांतून साहेबांचा आवाज आला.

"तुमच्या वहीचं नाव कोन पाठ करन, साहेब?" बाई म्हणाल्या.

आणि साहेब खो खो हसत सुटले! हेमराज गुरुजींचा जीव भांड्यात पडला. इतका, की साहेबांना हात देऊन उठवायचंही त्यांना सुचेना.

"वर्ग चालू राहीन," साहेब पँट झटकत म्हणाले. "पन बाई, वर्गात कोनता धडा चालू हाय, थे तुमाले कोन सांगते?"

"कोनीच नाई. म्हनून मी आपले गावातलेच शब्द घेतो."

"मंग गुरुजीनं काय मदत कराची, तुमीच सांगा."

बाईंनी गुरुजींना आपादमस्तक न्याहाळलं. "रोवण्यात गडीमानसं रोवत नाईत, साहेब. थे धानाच्या बांधीत बायाइले रोपाइच्या पेंड्या पुरवतात. गुरुजीनं थेवढं केलं तरी बहुत झालं."

तेव्हापासून दर शनिवारी हेमराज गुरुजी आठवड्याच्या धड्यातले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून आणतात, कोण कुठं अडलं ते बाईंना विचारतात, आणि रांगेमागून चिठ्ठ्या पुरवतात. पहिल्याच शनिवारी शेजारच्या शाळेतले एक गुरुजी वर्ग पाहायला आले. हेमराज गुरुजींनी छाती फुगवली. "त्याचं असं आहे, स्वयंसेवकाला मार्गदर्शन कसं करावं..."

"गुरुजी!" वाकलेल्या गुड्डीनं दोन पायांमधून त्यांच्याकडे उलटं पाहत दटावलं. "गोष्टी मंग सांगजा! माही पेंडी सरली!"