मलकापूरची मावशी

माधव मास्तरांना शाळेत वेळापत्रकाचे बादशहा म्हणत. बावीस शिक्षक, सोळा वर्ग आणि भिंतीवर टांगायचा एकच धड नकाशा, एवढ्या भांडवलावर ते दर जूनमध्ये असं वेळापत्रक बसवत, की एका वर्गात दोन मास्तर कधी समोरासमोर येत नसत. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट नीट आखली की होतेच, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, ही एकच गोष्ट काय ती त्यांच्या आखणीत बसत नव्हती. पण आता तीही बसणार होती. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी मूल येणार, हे त्यांनी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

नंदिनी हे सगळं नुसतं ऐकून घ्यायची. ती दमली होती. औषधांचा आणि उपासांचा थकवा एखादे वेळी निघाला असता, पण लोकांच्या विचारण्याचा काही निघत नव्हता. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या गल्लीत सार्वजनिक नळाखाली घागर लावायची, तर आधी 'मग? काय इशेष?' या प्रश्नाला तोंड द्यावं लागे. काही विशेष नसे. घागर भरायला चार मिनिटं लागत आणि ती चार मिनिटं नंदिनी खाली मान घालून पाण्याकडे बघत उभी राही.

शेवटी दोघांनी मिळून एका अनाथाश्रमाकडे अर्ज केला. आश्रम परगावी, एसटीनं दीड तासावर. मूल घरात येईपर्यंत गल्लीत अवाक्षर काढायचं नाही, असा मास्तरांनी नियम घातला. अर्ज नामंजूर झाला तर नळावर आणखी नऊ वर्षांची कीव वाट्याला येणार, हे नंदिनीलाही पटलं.

पण समोर धोंडुबाई राहत होत्या. दोन म्हशी, तीन सुना आणि साऱ्या गल्लीचा कारभार त्या एकट्या बघत. श्रावणात अर्जाला जोडायच्या, मूल होणार नसल्याच्या दाखल्यासाठी नंदिनी डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर दवाखान्यातून बाहेर पडताना धोंडुबाईंच्या मधल्या सुनेनं तिला बघितलं. त्याच आठवड्यात घागर उचलताना नंदिनीच्या कमरेत उसण भरली आणि पाणी भरायला मास्तर यायला लागले. नवरा नळावर दिसला याचा आमच्या पेठेत एकच अर्थ निघतो. तो संध्याकाळपर्यंत निघाला.

नंदिनीनं कानावर हात ठेवले. असलं काही नाही म्हणून तीन वेळा सांगितलं. धोंडुबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज गल्लीच्या टोकाच्या तालमीपर्यंत ऐकू जाई.

"न्हाईच म्हणायचं असतंय, बाई. आमी समजतोय की. दिष्ट लागती."

घरी येऊन तिनं मास्तरांना सांगितलं. तिला वाटलं, आता हे घाबरतील. तर मास्तरांनी वही काढली आणि बोटांवर श्रावणापासून चैत्रापर्यंत महिने मोजले. बरोबर नऊ भरले. नंदिनीचं माहेर लांब नागपूरकडे, तेव्हा चौकशीला तिकडे कोण जातंय? चैत्रात ती बाळंतपणाला म्हणून जाणार, परीक्षा संपल्या की मास्तर जाणार, वाटेत आश्रमातून मूल घ्यायचं आणि तिघांनी घरी यायचं.

"कुठं फट राहिली आहे का, सांग," ते म्हणाले.

"अहो, पण हे खोटं आहे."

"आपण कुठं काय बोललो? उलट नाहीच म्हणतोय ना?"

तिनं भांडायला हवं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही. हल्ली नळावर तिची घागर पहिली लागत होती. शेजारणी तिला ओट्यावर बसवत, पाठीवरून हात फिरवत, आणि कुणी काही विचारत नसे. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हे आपल्याला आवडतंय याची तिला लाज वाटे, आणि तरीही ते आवडे.

मग सुरू झालं खाणं. रोज सकाळी धोंडुबाई समोरच धार काढलेल्या दुधाचा मोठा पेला घेऊन येत आणि तो रिकामा होईपर्यंत दारातून हलत नसत. शालूबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले. त्यावर ताण म्हणून चिमणाबाईंनी अळिवाचे पाठवले. नको म्हटलं तर डोहाळे म्हणून हसत आणि चिंच आणून देत. पौष सरेपर्यंत नंदिनीच्या सगळ्या झंपरांच्या शिवणी उसवून झाल्या, आणि ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही फिटली.

माघात आश्रमाचं पत्र आलं. सरोजिनीबाई नावाच्या कार्यकर्त्या रविवारी अकराला घर आणि माणसं बघायला येणार होत्या. त्यांनी होय म्हटलं तर मूल, नाही म्हटलं तर सगळं संपलं. पत्र वाचून नंदिनी लगेच घर झाडायला उठली. मास्तर मात्र वही उघडून बसले. पाहुण्या बाई म्हणजे नंदिनीची मलकापूरची मावशी, असं गल्लीत सांगायचं. मलकापूर अशासाठी, की गल्लीतल्या एकीचंही माहेर तिकडे नव्हतं. ते त्यांनी आधी तपासलं होतं. ते स्वतः एसटी स्टँडवर जाऊन बाईंना मागच्या बोळातून घरी आणणार, साडेअकराला चहा, साडेबाराला परत.

गल्लीनं या बातमीचा वेगळाच हिशोब लावला. सातवा महिना, रविवार, त्यात माहेरची मावशी येतेय, म्हणजे डोहाळजेवण. आणि गल्लीला आमंत्रण नाही? धोंडुबाई अर्धा तास रुसून बसल्या. मग त्यांच्याच मनात आलं, की पोरीला सासू नाही, आई लांब, मास्तर पुस्तकात बुडालेले, हिचं करणार कोण? आपणच करायला पाहिजे.

रविवारी साडेनऊला मास्तर नवीन धोतर नेसून स्टँडवर गेले. दहाला दार वाजलं. नंदिनीनं उघडलं तर दारात चौदा बायका, आणि त्यांच्यामागे खांद्यावर दोर टाकलेले तालमीचे वस्ताद हंबीरराव. त्यांनी खाली बघतच आत येऊन माजघराच्या तुळईला तालमीतला दोर बांधला, त्याला पाट अडकवला, दोनदा लोंबकळून बघितलं आणि तसेच खाली बघत निघून गेले. तोवर बायकांनी नंदिनीला हिरवं लुगडं नेसवलं होतं. हातात, गळ्यात, दंडात फुलांचे दागिने आले, डोक्यावर फुलांचा मुकुट बसला. आज मावशी येणार आहे, आज नको, असं ती परोपरीनं सांगत होती, आणि त्या म्हणत होत्या, की मावशीसाठीच तर चाललंय सगळं.

पावणेअकराला दारात पांढऱ्या पातळातल्या, चष्मा लावलेल्या, हातात कातडी बॅग घेतलेल्या एक बाई उभ्या राहिल्या. त्या एसटीनं आल्याच नव्हत्या. रेल्वेनं आल्या होत्या. मास्तरांच्या वेळापत्रकात रेल्वे नव्हती.

नंदिनीबाई इथंच राहतात का, असं त्यांनी विचारायचा अवकाश, धोंडुबाईंनी त्यांच्या पायावर पाणी घातलं, हाताला धरून आत आणलं आणि पाटावर बसवलं. मलकापूरहून यायला एवढा उशीर का, अशी लाडिक तक्रारही केली. सरोजिनीबाई काही बोलायच्या आत त्यांच्या हातात तांदूळ, नारळ आणि खण ठेवलेलं ताट आलं.

"पहिली वटी तुमची, मावशी. सातवा हाय."

सरोजिनीबाईंनी झोपाळ्याकडे बघितलं. फुलांनी मढलेली नंदिनी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ताट हळूच खाली ठेवलं आणि झोपाळ्याजवळ जाऊन तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्ही अर्जाला डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो खोटा, की हे खोटं?"

सरोजिनीबाईंनी उत्तराची फार वाट बघितली नाही.

"घरात मूल होणार असेल तर आम्ही आमचं देत नाही. आणि खोटं बोलणाऱ्या घरात तर नाहीच. येते मी."

त्या वळल्या. बॅग उचलली. नंदिनीला एवढंच दिसलं, की त्या बॅगेत आपला अर्ज आहे आणि तो आता दाराबाहेर चालला आहे. ती झोपाळ्यावरून उठली. मुकुट घसरून एका डोळ्यावर आला होता, तो सावरायचं तिला सुचलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. "मला दिवस गेलेले नाहीत. कधीच गेले नव्हते. या माझ्या मावशी नाहीत, अनाथाश्रमातल्या बाई आहेत. आम्ही तिथून मूल आणणार होतो. तुम्ही सगळ्यांनी मला सहा महिने दूध पाजलंत, लाडू दिलेत, आणि मी खात राहिले. खरं सांगायला पाहिजे होतं. पण मला फार बरं वाटत होतं, हो."

आणि ती रडायला लागली. माजघरात फक्त रिकाम्या झोपाळ्याचा दोर कुरकुरत होता.

धोंडुबाई तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या पोटाकडे बोट केलं. "मग ह्ये काय हाय?"

"तुमच्या म्हशीचं दूध," नंदिनी हुंदके देत म्हणाली.

मागं कुणीतरी फस्सकन हसलं आणि पदर तोंडात कोंबला. चिमणाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्या पुटपुटल्या, की असलं लेकरू कुणाचं, कुठलं, कुणाला ठावं असतंय. नंदिनीला याच वाक्याची सहा महिने भीती वाटत होती. ते ऐकून सरोजिनीबाईही दारात थांबल्या. आश्रमाची माणसं घर बघायला येतात ती खरं तर शेजारी मुलाबद्दल काय बोलतात, एवढं ऐकायलाच.

धोंडुबाई उठल्या. त्या चिडल्या होत्या, पण नेमक्या कुणावर ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. त्यांनी जमिनीवरचं ओटीचं ताट उचललं.

"कुणाचं म्हंजे? ह्या गल्लीचं. लिवा, बाई, तुमच्या कागदावर." मग नंदिनीकडे वळून म्हणाल्या, "आन तू बस खाली. पोटातनं येऊ दे न्हाईतर यष्टीतनं येऊ दे, लेकरू ह्याच दारात येनार हाय न्हवं? मग वटी भरायची कशी ऱ्हाईल?"

सरोजिनीबाई परत आल्या. बॅग उघडून त्यांनी एक छापील कागद काढला आणि त्यावर बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. लिहून झाल्यावर चष्मा पुसला, ताट मागून घेतलं आणि नंदिनीच्या ओटीत नारळ घातला. मावशी म्हणून बोलावलंच आहे तर ओटी भरून जाते, म्हणाल्या.

मग रीतीप्रमाणे दोन पालथ्या वाट्या पुढे आल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. अर्जातला हा रकाना नवराबायकोनं कोराच सोडला होता. जे मिळेल ते आपलं, असं दोघांनी ठरवलं होतं. नंदिनीनं एक वाटी उचलली तर पेढा. बायकांनी एकच गिल्ला केला.

त्या गिल्ल्यात घामानं निथळलेले मास्तर दारात आले. तीन एसट्या आल्या तरी बाई उतरल्या नाहीत म्हणून ते हताश होऊन परतले होते. समोर झोपाळा, हिरव्या लुगड्यात बायको, आणि पानावर बसून पुरणपोळी खाणाऱ्या बाई. आश्रमाच्या माहितीपत्रकातल्या फोटोवरून त्यांनी सरोजिनीबाईंना ओळखलं. पण आखणी ती आखणी. ते जराही डगमगले नाहीत.

"अरे वा, मावशी," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "मलकापूरची गाडी लवकर आली वाटतं? काकांची तब्येत कशी आहे?"

सरोजिनीबाईंनी तोंडातला घास शांतपणे संपवला.

"काका बरे आहेत," त्या म्हणाल्या.

"मास्तर, बसा आता," धोंडुबाई म्हणाल्या. "समदं कळलंय. आन पानी हितनं पुढंबी तुमीच भरायचं."

वैशाखात दोघं जाऊन मूल घेऊन आली. पाच महिन्यांची मुलगी. एसटीत ती हातकणंगल्यापर्यंत रडली, तिथून पुढे मास्तरांच्या नव्या धोतरावर झोपली. भर दुपारी गल्ली उन्हात उभी होती. धोंडुबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीला हातात घेतलं, उलटीपालटी करून बघितलं आणि नाक मास्तरांवर गेलंय म्हणून जाहीर केलं. त्यावर वाद घालायची कुणाची छाती झाली नाही. आता वरचं दूध कुठल्या म्हशीचं द्यायचं, यावर चिमणाबाईंनीच सल्ला द्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात शालूबाईंना आठवलं. "पण वाटीखाली तर पेढा निघाला हुता की."

धोंडुबाईंनी क्षणभर विचार केला. "वाटी खोटी पडत न्हाय. म्हंजे पेढा मागनं येतोय." आणि पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत त्यांनी नंदिनीला विचारलं, "मग? दुसरं कवा?"

नंदिनी उंबऱ्यावर बसली. पाठ मोडून गेली होती, डोळ्यांवर झापड होती, आणि लोकांचं विचारणं संपलं असं तिला वाटलं होतं ते साफ चुकीचं निघालं होतं. पण हा प्रश्न तिला नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. जिला एक असतं तिलाच तो विचारतात. तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले.

मास्तरांनी घसा साफ केला आणि खिशातून वही काढली. "मी काय म्हणतो, पुढच्या श्रावणात जर अर्ज केला तर..."

"अहो," नंदिनी म्हणाली, "घागर घ्या. नळ जाईल."