सेठची बत्ती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, विमलने सांगितलं आणि मी भिंतीवरचं चार नंबरचं बटन दाबून धरलं.

"सोडू नका."

"बोट दुखायला लागलं गं."

"बोटाचं नंतर बघू. लाल ठिपका चमकू दे आधी. हां, सोडा आता."

सोडलं. तेवढ्याने लावलेला उजेड त्या बटनात बसला. छताची पांढरी बत्ती बंद, सोफ्यामागचे पिवळे दिवे अर्ध्याच्या जरा वर, त्यातही तिच्या बाजूचा कमी. आता कधीही चार नंबर नुसतं दाबायचं, दिवे आपोआप तसेच लागणार. ती सोफ्यावर बसली, फोन सुपारीच्या डब्याला टेकवला, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "जरा जास्त होतंय. उठा, परत करू."

अशी होती माझी बायको. तिच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो, तर बसवत नाही. उठतो, एक नंबर दाबतो, येरझारा घालतो, दोन नंबर दाबतो, परत येऊन बसतो. माझं शिक्षण थोडं, अक्षर वाकडं. पण तिला जितकं मी ओळखतो तितकं कुणी ओळखत नाही, म्हणून मीच लिहितो.

"उजेडात बघू." हे तिचं वाक्य. भाजीवाल्याने ठेल्यावर उन्हासाठी लाल त्रिपाल बांधलेली असायची, तिच्याखाली कच्चे टमाटेसुद्धा लाल दिसतात. विमल एकेक टमाटा उचलून भर रस्त्यात उन्हात जाऊन बघायची. मागे गाड्या भोंगे वाजवताहेत, हिचं चाललंय.

भाजीवाला म्हणायचा, "अम्मा, टमाटर है, दुल्हन थोड़ी है!"

"दुल्हन में धोखा चल जाता है भैया, टमाटर में नहीं."

दुल्हनमध्ये काय चालतं ते मला विचारा. मी तिला बघायला गेलो तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन आली, ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या मामाला म्हणाली, "इथे अंधार आहे. यांना ओसरीवर आणा ना, उजेडात बघू." माझ्या आईने कपबशी खाली ठेवली. मी गेलो बाहेर, बाजारातल्या बैलासारखा उभा राहिलो. तिने पुढून बघितलं, बाजूने बघितलं. म्हणाली, "नाकावर काळं लागलंय."

"तीळ आहे."

"मग राहू द्या."

झालं आमचं लग्न.

एकदा भैरवगढला छापाच्या चादरी घ्यायला गेलो. चादर पसंत पडली, भाव ठरला, आणि ही निघाली ती घेऊन अंगणात. छापणारे चाचा बिचारे हात जोडून म्हणाले, "बाई, ये तो सूखी ही धूप में है. धूप को और क्या दिखाओगी?" तरी हिने दाखवलीच.

आता गंमत अशी की माझी सगळी नोकरी इथल्या फ्रीगंज बाजारात साडीच्या दुकानात गेली. साडीचं दुकान चालतं कापडावर आणि बत्तीवर. आमच्या सेठला बत्तीची मोठी अक्कल. लाल-केशरी मालावर पिवळा बल्ब, पांढऱ्या-निळ्यावर ट्यूबलाईट. पडून पडून पिवळी पडलेली पांढरी साडी असली की तिच्यावर मंद पिवळा दिवा. सगळंच पिवळं दिसतं, मग साडीचा पिवळेपणा कुणाला कळणार? विमल एकदा दिवाळीच्या गर्दीत दुकानात आली. साडी उचलून फुटपाथवर गेली, तिच्यामागे अजून चार बायका आपापल्या साड्या घेऊन फुटपाथवर. सेठने मला बोलावून कानात सांगितलं, "भाभीजी को घर पे साड़ी भिजवा दूँगा. दुकान मत लाना."

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "तुमचा सेठ चोर आहे. आणि तुम्ही चोराचे नोकर." मी म्हटलं, पगार आणतो ना. ती म्हणाली, "तो पण उजेडात बघू." आणि खरंच नोट खिडकीत धरून बघितली.

आमचा मुलगा नितीन बेंगलोरला. दिवाळीला आला तेव्हा आईला आवडेल म्हणून हॉलमध्ये हे डिमर बसवून गेला. दिवे कमी-जास्त करायचे, जमले की बटन दाबून धरायचं, लक्षात राहतं. चार बटनं, चार तऱ्हेचे उजेड. विमलला तर खेळणंच मिळालं. एक नंबर तांदूळ निवडायचा. दोन नंबर पाहुण्यांचा, त्यात भिंतीची ओल दिसत नाही. तीन नंबर शेजारच्या जोशीणबाईंचा. त्या बसल्या की उठत नाहीत. तीन नंबर दाबला की सगळ्या बत्त्या पूर्ण, डोळ्यांत घुसणाऱ्या. जोशीणबाई डोळे चोळत म्हणायच्या, "येते गं, डोकं चढलं." ही म्हणायची, "बसा ना."

आणि एकदा लावलेलं तिला कधी पटायचं नाही. माझा घास तोंडात, की हाक. "अहो, दोन नंबर आज मरगळलाय. उठा." दिवा कसा मरगळतो ते देवाला ठाऊक. मी उठायचो. ती सोफ्यावरून, मग दारातून, मग वेताच्या मोढ्यावर बसून बघायची. "वर. थोडं खाली. अजून थोडं. आता मघाचंच बरं होतं."

मग तिला जेवण जाईना, खाज सुटायला लागली. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं, डोळ्याची पापणी खाली ओढली. म्हणाले, "इधर उजाले में देखते हैं."

विमल खूश. मला म्हणाली, "बघा, माझ्याच शाळेतले आहेत."

डोळे पिवळे निघाले. पुढे तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, साधी कावीळ नाही, दिवस थोडे आहेत. मी आत जाऊन तिला सांगितलं. तिच्याशी लपवाछपवी मला जमली नसती.

ती म्हणाली, "नितीनला नाही सांगायचं."

आमची सून पूर्वा पोटुशी होती. आधीचं एक गेलेलं, म्हणून या वेळी तिला अंथरुणातून उठायची मनाई. तिला बघायला घरात नितीन एकटा. आईचं कळलं तर तो पळत येणार, नाही आला तर तिकडे जळत बसणार, आणि ते पूर्वाला कळणार. "बाळ होऊ दे," विमल म्हणाली. "मग बघू दे त्याला उजेडात."

पण तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. आणि ती दिवसेंदिवस हळदीसारखी होत चालली होती.

एका दुपारी तिने मला विचारलं, "तुमचा सेठ पिवळ्या पडलेल्या साडीवर कोणती बत्ती लावायचा हो?"

जन्मभर ज्याला चोर म्हटलं, त्याची विद्या मागत होती. मग मी सांगितलं. पांढरी पूर्ण बंद करायची. पिवळी ठेवायची, पण मंद. मागून यावी, समोरून नाही. तिने ऐकलं, आणि चार नंबर बसवला. नाव ठेवलं, सेठ. संध्याकाळ झाली की म्हणायची, "चला, सेठला दाबा."

रंग वाढत गेला तसा चार नंबर रोज बदलावा लागला. तिच्या बोटात जोर पुरेना, म्हणून मी दाबून धरायचो.

त्या शेवटच्या संध्याकाळीही परत केलं. तिच्या बाजूचा दिवा अजून उतरवला. मी म्हटलं, "मी काय स्टेशनवरचा खांब आहे? माझ्यावर एवढा उजेड कशाला?"

"तुमच्याकडे बघू दे त्याला. माझ्याकडे कमी बघेल."

नितीनचा फोन आला. पूर्वा बरी होती, बाळ लाथा मारत होतं. त्याला आम्ही नुसतं पित्त वाढलंय एवढंच सांगितलं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "आई, आज फ्रेश दिसतेयस. तब्येत सुधारली वाटतं."

फोन ठेवला आणि विमल अशी हसली की तिला धाप लागली. म्हणाली, "सेठला सांगा, माल खपला."

मग म्हणाली, आता घालवा ती बत्ती, डोळ्यांना बरं वाटत नाही.

सकाळी ती उठली नाही. हात लावला आणि कळलं. जोशीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, तिच्या उशाशी बसल्या. बसल्या त्या बसल्याच. बरं झालं.

मी हॉलमध्ये आलो. फोन सुपारीच्या डब्याला टेकवला आणि सवयीने चार नंबर दाबला. पिवळे दिवे हळूहळू लागले. सोफ्यावर बसलो तसा माझ्यावर उजेड पडला, आणि शेजारी तिच्या रिकाम्या जागेवर थोडा कमी, तिने ठेवला होता तेवढाच. मी फोन उचलला आणि बाहेर अंगणात गेलो. ऊन चांगलं आलं होतं.

"बाबा? इतक्या सकाळी? बाहेर का उभे, लाईट गेली का?"

"लाईट आहे. पूर्वा झोपलीय का?"

"हो."

"मग तू दुसऱ्या खोलीत जा. दार लोटून घे."

तो गेला. दार लोटल्याचा आवाज आला. मी फोन समोर धरला, तोंडावर पूर्ण ऊन घेतलं, आणि म्हटलं, "आता बघ माझ्याकडे."